लिदीचं खत आणि सहा कुंड्या

मंगळवार, ११ मार्च

टोमॅटोची पानं आखडली आहेत.

सकाळी आप्पा गच्चीवरून उतरले ते हातात एक शेंडा घेऊनच. बूटही काढले नाहीत, तसेच स्वयंपाकघरात. "हे बघ गं." पान वाटीसारखं आत वळलेलं, देठ पिळवटलेला. मी म्हटलं, पाणी कमी पडलं असेल. म्हणाले, "पाणी मी घातलंय." मग जरा थांबून — "घातलंय ना?"

आता हे मला कसं माहीत असणार! मी खाली डबे भरत होते. तरी म्हटलं, घातलंय हो आप्पा. सासऱ्यांना धीर देण्याचं काम मला हल्ली न बघताही जमतं.

या नादात दुकानात उशीर. एका चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली. मालकांनी पाहिलं आणि स्वतःच बदलून दिली. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

गुरुवार, १३ मार्च

घेवडा गेला. वाटाणाही गेला. मिरचीचे शेंडे फर्नसारखे बारीक आणि वेडेवाकडे झालेत.

कामावरून आल्यावर स्वतः वर जाऊन पाहिलं. भाजीची बेचाळीस खोकी, चौदा घरांची, प्रत्येकी तीन. एकही धड नाही. फक्त कठड्याजवळचा मका तेवढा ताठ उभा आहे, जसं काही झालंच नाही. आप्पा त्या खोक्यांमधून हळूहळू फिरत होते आणि एकेका पानाला बोट लावून सरळ करत होते. सोडलं की पान परत वळत होतं. मला बघवेना.

सासूबाई गेल्या तेव्हा आप्पा आठ महिने खिडकीजवळच्या खुर्चीतून उठले नव्हते. जेवण तिथे, पेपर तिथे, डुलकी तिथे. बोलणं हो-नाही इतकंच. मी गच्चीवर पहिली चार खोकी नेली ती पृथ्वी वाचवायला नव्हे, त्यांना उठवायला. पृथ्वीचं नंतर सुचलं. आणि मग जे डोक्यात चढलं ते चढलंच! इमारतीतला ओला कचरा इमारतीतच जिरला पाहिजे, ताटातली भाजी डोक्यावरच्या गच्चीतून आली पाहिजे — लिफ्टमध्ये तक्ते मीच चिकटवले. लोक मला कंपोस्टबाई म्हणतात. तोंडावरसुद्धा.

पण गच्चीची किल्ली आप्पांकडे. पहाटे उघडणार तेच, संध्याकाळी बंद करणार तेच. जन्मभर वजनमापं तपासण्याची नोकरी केली, दुकानादुकानात जाऊन. त्यामुळे रविवारी लिफ्टजवळच्या टेबलावर ज्याची भाजी जास्त निघेल त्याने ठेवायची, ज्याला हवी त्याने न्यायची, हे ठरलं तरी आप्पांनी तोलल्याशिवाय काकडीला हात लावायची कोणाची टाप नाही. तोलायचं आणि फळ्यावर लिहायचं. यंदाचा आकडा २१२ किलो. फळा दिसला की त्यांची मान वर होते, मी पाहिलंय.

शुक्रवार, १४ मार्च

सगळी इमारत तज्ज्ञ झाली आहे. कोणी म्हणतं मोबाइलचा टॉवर, कोणी म्हणतं शेजारच्या इमारतीचं रंगकाम. नवरा म्हणतो, "रोग असेल एखादा, पुढच्या हंगामात बघू." त्याचं सगळंच पुढच्या हंगामात असतं.

शनिवार, १५ मार्च

आज वाईट झालं.

टाकीखालच्या कपाटात आप्पांची फवारणीची बाटली असते. साबणाचं पाणी, मावा किडीसाठी. तिच्या शेजारी जिने पुसायच्या औषधाची बाटली कोणीतरी ठेवलेली. दोन्ही निळ्या. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेने पाहिल्या आणि दोन्ही हातांत धरून उभी राहिली.  एकीऐवजी दुसरी उचलली असणार, हे सगळ्यांना दिसलं.

मग प्रत्येकाने पाळीपाळीने फवारणीच्या बाटलीचा वास घेतला. मीही घेतला. साबणाचाच होता. पण वास शोधायलाच बसलं की तो येतोच. सेक्रेटरी म्हणाले, "आत्ता साबण असेल. पंधरा दिवसांपूर्वी काय होतं कोणी सांगावं."

आप्पांना कोणी काही विचारलं नव्हतं. सगळे नुसते त्यांच्याकडे बघत होते. तेच म्हणाले, "मी मारलं असेन. मला आठवत नाही."

इतक्या सरळ म्हणाले! गेल्या वर्षी नळ उघडा राहिला होता आणि पाचव्या मजल्याच्या छतातून पाणी आलं होतं, तेव्हाही असंच — मी केलं असेन. या माणसाने स्वतःच्या बाजूने कधी वकिली केलीच नाही.

रविवार, १६ मार्च

टेबल रिकामं. आप्पांनी तराजू काढला, पुसला, परत ठेवला.

सोमवार, १७ मार्च

मका ठणठणीत का? औषध फवारलं असतं तर मकाच तेवढा कसा सुटला? दिवसभर हेच डोक्यात.

बुधवार, १९ मार्च

कळलं.

जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या मागच्या खोलीत फोनवर वाचत बसले होते. डबा उघडलाच नाही. गवताच्या कुरणात रुंद पानांचं तण उगवू नये म्हणून एक औषध मारतात. ते गवताला काही करत नाही. ते गवत जनावर खातं, जनावरालाही काही होत नाही. ते लिदीतून जसंच्या तसं बाहेर येतं. कुजवलं तरी महिनोन्महिने मरत नाही. आणि टोमॅटो, घेवडा, वाटाणा, मिरची यांच्या मुळाशी गेलं की पानं वाटीसारखी वळतात. मका गवताच्या जातीचा. म्हणून मका ताठ.

लीद कोणी आणली? मी.

घोडेस्वारी शिकवतात त्या मैदानामागच्या तबेल्यातून, पाच पोती, हातगाडीवर. "तीन किलोमीटरच्या आतलं खत" म्हणून लिफ्टमध्ये तक्ता लावला होता. हातगाडीबरोबर फोटो काढून घेतला होता! आणि कंपोस्टात मिसळून फेब्रुवारीत बेचाळीसच्या बेचाळीस खोक्यांत घातलं. एकेका खोक्याला दोन-दोन फावडी, कोणावर अन्याय नको म्हणून.

तबेलेवाल्याला तिथूनच फोन केला. म्हणाला, "गवत आम्ही बाहेरून घेतो, ताई. तणासाठी मारतातच काहीतरी, त्याशिवाय इतकं स्वच्छ गवत मिळतं का? पण आमचं नाव कुठे घेऊ नका हां." मी विचारलं, काय मारतात? "ते मला काय ठाऊक."



गुरुवार, २० मार्च

आज सांगणार होते. सकाळी आप्पांसमोर बसलेसुद्धा. त्यांनी मला बिस्किटांची बशी सरकवली आणि विचारलं, "तुझ्या खोक्यांचं फार नुकसान झालं का गं?"

माझ्या खोक्यांचं!

नाही सांगितलं. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता सांगून रोपं सरळ होणार आहेत का? थोडं शांत होऊ दे." मला तेच ऐकायचं होतं, हे त्याला कळलं असावं.

शनिवार, २२ मार्च

लिफ्टमध्ये नोटीस. माझ्या तक्त्यावरच चिकटवली आहे. उद्या सभा. विषय एकच — गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे राहावी आणि वयस्कर व्यक्तींनी गच्चीवर एकट्याने जाऊ नये. 'वयस्कर व्यक्ती' इमारतीत एकच आहे जी गच्चीवर जाते. नाव लिहिलं असतं तर निदान प्रामाणिक वाटलं असतं.

किल्ली गेली की आप्पा परत त्या खुर्चीत. या वेळी उठायचे नाहीत. हे मला जितकं स्वच्छ दिसतंय तितकं दुसरं काही दिसत नाहीये. उद्या सांगायचं. काहीही होवो.

रविवार, २३ मार्च

सांगितलं. सगळं. लीद, गवत, औषध, मका. उभी राहून.

कोणीही विश्वास ठेवला नाही!

सेक्रेटरी अगदी शांतपणे म्हणाले, "मक्यालाही तेच खत घातलंय ना?" मी म्हटलं, घातलंय, तेच तर सांगतेय, ते औषध गवताच्या जातीला — "म्हणजे घोड्याने खाल्लं, घोड्याला काही नाही. मक्याने घेतलं, मक्याला काही नाही. आणि टोमॅटोला मात्र होतं." कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, मक्यावर त्यांनी फवारलं नसेल, तो लांब आहे. जे मला पुरावा वाटत होतं तेच माझ्या अंगावर आलं. तोंडघशी पडणं म्हणजे काय ते आज कळलं.

आणि वर कौतुक! शिक्षिकेने माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. "अशी सून मिळायला भाग्य लागतं. सासऱ्यांसाठी स्वतःवर घेतेय." तीन-चार जणींनी माना डोलावल्या. मी ओरडून सांगायला हवं होतं, अहो मी चांगली नाहीये, मी खरं बोलतेय! नाही ओरडले. 

शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "ताई, पुरावा आणा, त्याच दिवशी किल्ली परत. शब्द देतो." वाईट माणूस नाही तो.

घरी आल्यावर आप्पांनी मला बोलावलं. दार लोटून घेतलं. "नोकरीत मी माणसांच्या तोंडावर सांगायचो, तुमचं माप खोटं आहे. आता माझं निघालं तर तू पांघरूण घालू नकोस. मला लाज वाटते." मी म्हटलं, आप्पा, खरंच माझंच चुकलं. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, तापात बडबडणाऱ्या लहान मुलाकडे बघावं तसे.

आणखी एक. हे फक्त इथे. कोणी विश्वास ठेवला नाही तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं.

सोमवार, २४ मार्च

आप्पांनी किल्ली स्वतःच नेऊन दिली. मागायला यायची वेळ येऊ दिली नाही. किल्लीची दोरी धुऊन वाळवून मग दिली.

बुधवार, २६ मार्च

माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेले, अर्धी रजा टाकून. खिडकीतल्या बाईने यादी पुढे केली. नत्र, स्फुरद, पालाश, सामू. तणनाशक? "ते इथे होत नाही." कुठे होतं? "विचारावं लागेल." कोणाला? बाईने खांदे उडवले. माझ्या पिशवीतल्या खताकडे बघून म्हणाली, "दिसायला तर छान आहे."

आप्पा खुर्चीत. पेपर उघडा, पान तेच सकाळचं.

गुरुवार, २७ मार्च

एक उपाय सापडला. फुकट आणि सोपा, शाळेतल्या मुलालाही जमेल असा. सहा कुंड्या घ्यायच्या. तीन कुंड्यांत विकतची साधी माती, उरलेल्या तीनांत तीच माती आणि आपलं खत. सगळ्यांत घेवडा पेरायचा. पाणी सारखं, ऊन सारखं. खताच्या तिन्हींतली पानं वळली आणि साध्या मातीतली सरळ राहिली की झालं. घेवडा याबाबतीत भलताच नाजूक आहे म्हणे. तीन आठवडे लागतील.

बाल्कनीत ओळीने मांडल्या. खताच्या कुंड्यांना बुडाखाली दुकानातल्या चिकटपट्टीचा तुकडा लावला, वरून दिसणार नाही असा. उरलेलं खत पिशवीत बांधून कोपऱ्यात ठेवलं, सेक्रेटरींना दाखवायला लागेल म्हणून.

आप्पांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, असंच, बाल्कनीत घेवडा लावून बघतेय. पुरावा म्हटलं असतं तर परत 'पांघरूण' ऐकावं लागलं असतं. ते मला परत ऐकायचं नव्हतं.

शुक्रवार, ४ एप्रिल

सहाच्या सहा उगवले. आप्पा खुर्ची सरकवून बाल्कनीच्या दारात बसलेत. चार फूटच सरकली आहे, पण सरकली!

मंगळवार, ८ एप्रिल

सेक्रेटरी जिन्यात भेटले. "तुम्ही स्वतःच म्हणताय खत विषारी आहे, तर मग कंपोस्टचे पिंप बंदच करू या का? लोक विचारतायत." मी म्हटलं, थांबा थोडं. "थांबतो की. पण पालिकेची गाडी रोज येतेच, ताई."

तीन वर्षांचं काम. भाजीची देठं, अंड्यांची टरफलं, चहाचा चोथा, प्रत्येक घराला समजावून, दार वाजवून. सगळं त्या गाडीत जाणार आणि बोट माझ्याच शब्दांवर ठेवणार. हसावं की रडावं कळेना. रडले, न्हाणीघरात, नळ सोडून. मग नळ सोडला म्हणून अपराधी वाटलं.

शनिवार, १२ एप्रिल

वळली! चिकटपट्टीवाल्या तिन्हींतली नवी पानं वाटीसारखी आत आलीत. साध्या तिन्हींतली तळहातासारखी सपाट. दुकानात आज अकरा चष्मे केले, एकही चुकला नाही. पण अजून आठवडाभर थांबायचं. फरक इतका ढळढळीत दिसला पाहिजे की कोणाला वाद घालता येऊ नये. वीस तारखेला रविवार आहे, टेबलाजवळ सगळे असतात. तेव्हा न्यायच्या.

आप्पा म्हणाले, "तीन रोपं आजारी दिसतायत." मी म्हटलं, असू देत. त्यांना आवडलं नाही ते. आजारी रोपाला असू देत म्हणणारी सून त्यांना नवीन होती.

फोटो काढायचे होते. उद्या चांगल्या उजेडात काढते.

सोमवार, १४ एप्रिल

मालक आजारी. दुकान माझ्या एकटीवर. फोटो राहिले.

गुरुवार, १७ एप्रिल

सकाळी अंधारात निघते, येते तेव्हा कुंड्या नुसत्या काळ्या दिसतात. आप्पा पाणी घालतायत, त्यांनीच सांगितलं. विसरत नाहीत म्हणे, कागदावर खुणा करून ठेवतात. रविवार तीन दिवसांवर आलाय.

शनिवार, १९ एप्रिल

सहाच्या सहा.

सकाळी उजेडात पाहिलं आणि आधी वाटलं माझेच डोळे गेले. सगळ्यांचे शेंडे आत वळलेले. साध्या मातीतल्यांचे जरा कमी, पण वळलेलेच. कुंड्या उचलून उचलून बुडं पाहिली. चिकटपट्टी जागच्या जागी होती.

आप्पा दारात उभे. मी विचारलं, आप्पा, यांना काही घातलंत का? आवाज शांत ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"खत घातलं ना. मूठ मूठभर." कोणत्या कुंड्यांना? "सगळ्यांना. यांची माती फिकट दिसत होती, गेल्या रविवारीच घातलं. तुझी पिशवी होती कोपऱ्यात. तू स्वतः करतेस ते खत, आणि आपल्याच घरातल्या रोपांना उपाशी ठेवलंस?"

जमिनीवर बसले मी. तिथेच, बाल्कनीत. आणि मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून, न थांबता. कुंड्या कशासाठी होत्या, तीन-तीन का होत्या, पुरावा कसा होणार होता आणि कसा गेला. रागावून सांगितलं. रागावायला नको होतं. ते वाकून ऐकत होते, एका हाताने चौकट धरून.  मग एका कुंडीतलं पान बोटाने सरळ करून पाहिलं.

"तीन वर्षं तेच खत घालतेस," म्हणाले, "तेव्हा काही झालं नाही. वर माझ्या हाताखाली होतं, इथेही माझ्या हाताखाली. दोन्हीकडे कोण होतं ते बघ ना."

मी म्हटलं, लीद यंदाच घातली, आप्पा. यंदाच.

"तू दमली आहेस," म्हणाले. आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. साखर विसरले. मी तसाच प्यायले.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, परत सहा कुंड्या लाव. परत तीन आठवडे. तोवर पिंप गेलेले असतील, आणि आप्पा परत कायमचे खुर्चीत.

रविवार, २० एप्रिल

आप्पा सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. म्हणाले, "टेबलाजवळ सगळे असतील. या कुंड्या दाखवतो आणि सांगतो की तुझ्या खताचा काही दोष नाही, दोष माझ्या हातांचा आहे. म्हणजे पिंप कोणी हलवणार नाही." मी नको म्हटलं. खरंच म्हटलं, दोनदा. तोवर ते लिफ्टपर्यंत गेले होते. सहा कुंड्या एकट्याला नेता येईनात. तीन मी धरल्या.